आजोळ: खाडीपलीकडचे आणि सागरापलीकडचे

ठाण्याहून बेलापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पारसिकच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी आणि ठाण्याच्या खाडीच्या पूर्व काठावर, तुर्भे व कोपरखैरणे यांच्या दरम्यान वसलेले पावणे हे गाव आज कारखान्यांमुळे, गोदामांमुळे आणि अहोरात्र वाहणाऱ्या मालमोटारींमुळे ओळखले जाते. परंतु औद्योगिक क्षेत्राची आखणी होण्यापूर्वी या काठावर भातखाचरे, खारजमिनी, भरतीचे पाणी अडवणारे बांध आणि मिठागरे यांच्यावरच संसार चालत असत, आणि येथील आगरी व कोळी समाजांची सोयरीक पाण्याच्या दोन्ही तीरांवर पसरलेली होती. हिवाळ्याच्या सुट्टीत लहान मुलांना घेऊन परदेशस्थ आप्तांकडे जाण्याची जी रीत गेल्या काही दशकांत मराठी कुटुंबांत रूढ झाली आहे, तिचा पूर्वेतिहास शोधू लागलो की मला सर्वांत आधी या खाडीपाशीच यावे लागते.

याचे कारण असे की, ही खाडी दीर्घकाळ दोन राज्यांमधली हद्द होती. १५३४ च्या तहाने वसई आणि तिच्याबरोबर खाडीच्या पश्चिमेचे साष्टी बेट पोर्तुगीजांकडे गेले. १७३७ साली मराठ्यांनी ठाणे व साष्टी घेतली. आणि १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला काबीज केल्यावर १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडे कायम झाली. पुढे १८१७ च्या पुण्याच्या तहाने उत्तर कोकण कंपनी सरकारच्या ताब्यात जाईपर्यंत, म्हणजे चार दशकांहून अधिक काळ, खाडीच्या पश्चिम तीरावर कंपनीचा अंमल आणि पूर्व तीरावर पेशव्यांचा, अशी स्थिती होती. त्या काळात पूर्वेच्या गावातून मुलाला कडेवर घेऊन, भरतीची वेळ साधून होडीत बसणारी आणि पलीकडच्या माहेरी जाणारी स्त्री, राज्यशास्त्राच्या काटेकोर भाषेत बोलायचे तर, परराज्यात जात होती. सरकारे बदलली, जकाती बदलल्या, मुलूख एका दफ्तरातून दुसऱ्या दफ्तरात गेले. परंतु आगरी-कोळ्यांची वस्ती आजही दोन्ही तीरांवर आहे, आणि सोयरिकी हद्दीला जुमानीत नाहीत याचा याहून स्पष्ट पुरावा मला दुसरा दिसत नाही.

या जाण्यायेण्याचा हंगाम शेतीने ठरवलेला होता. भाताची कापणी आणि झोडणी उरकून धान्य घरात आलेले आहे, आणि मिठागरांत मीठ धरण्याचे कष्टाचे महिने अजून पुढे आहेत, अशा मार्गशीर्ष-पौषाच्या सुमारास हाताला थोडी उसंत मिळे; लेकीबाळी माहेरी येत, मुले आजोळी रमत. पनवेल, पेण, अलिबाग या टापूत याच दिवसांत पोपटी लावतात. मातीच्या मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला पसरायचा, त्यावर मीठ व ओवा लावलेल्या वालाच्या कोवळ्या शेंगा, मध्ये अंडी किंवा मसाला चोळलेली कोंबडी, वर पुन्हा शेंगा, आणि शेवटी पाला दाबून मडक्याचे तोंड बंद करायचे. मग ते मडके उपडे ठेवून भोवती पेंढा, सुकी पाने व काटक्या रचून जाळ करायचा. पाण्याचा थेंबही आत घालायचा नसतो. शेंगा आणि पाला यांच्या अंगच्या ओलाव्यावरच सारे शिजते. पोपटी झाली की नाही हे ठरवण्यासाठी तापलेल्या मडक्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडतात आणि ते चर्र करून उडाले की विस्तव बाजूला सारतात. हे थेंब शिंपडण्याचे काम बहुधा मुलांकडे येते, आणि आजोळच्या हिवाळ्याची स्मृती त्यांच्या मनात पुढे कायम राहते ती अशा कामांमुळेच, असे मला नेहमी वाटत आले आहे.

नाताळची सुट्टी या पंचांगात नव्हती. साष्टीतल्या ख्रिस्ती कुटुंबांत हा सण सोळाव्या शतकापासून साजरा होत आला असला, तरी इतरांच्या दिनक्रमात तो शिरला तो इंग्रजी कचेऱ्या, न्यायालये आणि विद्यालये यांच्या मार्गाने. डिसेंबरचा शेवटचा आठवडा वकील व शिक्षक यांना मोकळा मिळू लागला, आणि म्हणूनच राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत २८ डिसेंबर १८८५ रोजी भरू शकले. मराठी शाळांची मोठी सुट्टी मात्र दिवाळीची आणि मे महिन्याचीच राहिली. डिसेंबरात मुलांना घेऊन लांबचा प्रवास करण्याची कल्पना सामान्य गृहस्थाला सुचण्यासारखी नव्हती.

त्या अधिवेशनानंतर दोनच महिन्यांनी, म्हणजे १८८६ च्या फेब्रुवारीत, एक मराठी माता आपल्या पाच वर्षेही पूर्ण न झालेल्या मुलीला बरोबर घेऊन लिव्हरपूलहून अटलांटिक महासागर ओलांडण्यासाठी निघाली होती. ती माता म्हणजे पंडिता रमाबाई, आणि ती मुलगी म्हणजे एप्रिल १८८१ मध्ये जन्मलेली मनोरमा. रमाबाई १८८३ साली तिला घेऊन इंग्लंडात आल्या होत्या. आता फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात आनंदीबाई जोशी यांना पदवी मिळणार होती, त्या समारंभासाठी त्या चालल्या होत्या. आनंदीबाई कल्याणच्या जोशी घराण्यातल्या, म्हणजे पावण्याच्या मागे उभ्या असलेल्या पारसिकच्या डोंगरापलीकडच्या, आणि रमाबाईंच्या दूरच्या नात्यातल्या. हिवाळ्यात, लहान मूल घेऊन, परदेशी राहणाऱ्या आपल्या नातलगाला भेटायला निघालेल्या मराठी स्त्रीचे याहून जुने ठळक उदाहरण मला ठाऊक नाही; आणि ते ज्या स्त्रीचे आहे ती विधवा होती, धर्मांतरामुळे स्वजनांच्या रोषास पात्र झालेली होती आणि परक्या देशात स्वतःच्या विद्येवर उभी होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्या प्रवासाचे मोल कळते. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना पदवी मिळाली, आणि त्या सभागृहात त्यांच्या आप्तांपैकी रमाबाई उपस्थित होत्या.

परंतु या वृत्तान्ताचा उत्तरार्ध अधिक मननीय आहे. रमाबाईंचा मुक्काम वाढत गेला. शिक्षणसंस्था पाहणे, व्याख्याने देणे, विधवांच्या शाळेसाठी साहाय्य मिळवणे, हे कार्य दोन वर्षांहून अधिक काळ चालले आणि १८८९ च्या आरंभी जपानमार्गे त्या मुंबईस परतल्या. एवढा काळ मुलीला गावोगावी फिरवणे अशक्य, म्हणून मनोरमेला इंग्लंडात वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या आश्रमात परत पाठवावे लागले. पुढे हीच मनोरमा रमाबाईंच्या शारदा सदन व मुक्ती मिशन या संस्थांच्या कार्यात आईच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली आणि १९२१ साली, आईच्या आधी काही महिने, निवर्तली. बालपणीच्या त्या ताटातुटीकडे मी रमाबाईंचा कठोरपणा म्हणून पाहत नाही. समुद्र ओलांडणारा प्रवास तेव्हा महिन्यांच्या आणि वर्षांच्या मापानेच होत असे. मुलाला नेले तर त्याचे सारे जीवन उचलून न्यावे लागे, आणि न नेले तर त्याला मागे ठेवावे लागे. भेटून परत येणे हा मधला मार्ग उपलब्धच नव्हता.

पुढच्या काळातही मुंबईच्या बॅलार्ड पिअरवरून सुटणाऱ्या आगबोटींना सुवेझमार्गे विलायतेस पोचायला तीन आठवड्यांच्या आसपास लागत, आणि शाळेची सुट्टी तेवढ्यातच संपून जाई. लंडनमध्ये १९३२ साली महाराष्ट्र मंडळ स्थापन झाले, म्हणजे तेथे मराठी बिऱ्हाडे होती, पण त्यांच्याकडे भावंडांची मुले हिवाळ्यात राहायला जातील असे दिवस अद्याप आले नव्हते. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे विमान कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला गेले आणि आठवड्यांचा प्रवास दिवसांवर आला. तरी वाट मोकळी झाली नाही. परकीय चलनाची टंचाई असल्यामुळे रिझर्व्ह बँकेचा ‘पी फॉर्म’ मंजूर करून घ्यावा लागे, हाती मिळणारे चलन नाममात्र असे, आणि पारपत्र देणे न देणे हा सरकारच्या मर्जीचा भाग मानला जाई. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने सतवंतसिंग साहनी यांच्या खटल्यात परदेशी जाण्याचा हक्क व्यक्तिस्वातंत्र्यात मोडतो असा निर्णय दिला, तेव्हा त्याच वर्षी पारपत्राचा कायदा करण्यात आला. त्या काळच्या पारपत्रांत लहान मुलांची नावे पालकांच्याच पुस्तिकेत नोंदवलेली असत. आज तान्ह्या मुलालाही स्वतःची पुस्तिका लागते, आणि डोळे उघडे असलेले त्याचे छायाचित्र मिळवण्यासाठी आईबाप छायाचित्रकाराच्या दुकानात किती वेळ खटपट करतात, हे ज्याने पाहिले आहे त्याला या बदलाचे वेगळे वर्णन नको.

याच वर्षांत पावण्याचे रूपांतर होत होते. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने उभे राहू लागले. १७ मार्च १९७० रोजी सिडको अस्तित्वात आली आणि ठाणे व तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यांतील ९५ गावांच्या जमिनींवर नवे शहर उभारण्याचे ठरले. भातखाचरे गेली, मिठागरे गेली, गावठाणे तेवढी उरली. मोबदल्यासाठी शेतकऱ्यांना दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झगडावे लागले; जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तान व नवघर येथील गोळीबारांत पाच शेतकरी हुतात्मे झाले, आणि त्या लढ्यातूनच संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना निघाली. ज्यांच्या रक्ताने ती योजना मिळाली त्यांचे स्मरण नव्या मुंबईच्या प्रत्येक शाळेत व्हावे, इतके त्यांचे ऋण मोठे आहे. १९७३ साली वाशीचा पूल झाला आणि १९९२ साली रेल्वेने खाडी ओलांडली. ज्या पाण्याने शतकानुशतके आजोळ दूर ठेवले होते ते आता मुलांना खिडकीतून क्षणभर दिसू लागले, आणि भरतीची वेळ विचारण्याचे कारण उरले नाही.

मात्र खाडी जवळ आली त्याच पिढीत नातलग समुद्रापलीकडे गेले. १९६५ च्या अमेरिकी स्थलांतर कायद्याने मराठी डॉक्टर व अभियंते यांना तो देश मोकळा झाला, आणि १९८१ साली तेथे बृहन्महाराष्ट्र मंडळ उभे राहिले. १९७३ नंतर खनिज तेलाच्या किमती भडकल्या तसे आखाती देशांत कामकऱ्यांपासून हिशेबनिसांपर्यंत सर्वांना मागणी आली. मुंबईहून दुबई तीन तासांच्या वाटेवर आहे, तेथला डिसेंबर सुखद असतो, आणि तेथल्या भारतीय शाळांनाही याच सुमारास सुट्टी असते. इकडे इंग्रजी माध्यमाच्या शाळांनी नाताळची सुट्टी घरोघर आणली. प्रवासाचा वेग आणि शाळेचे वेळापत्रक यांची गाठ अशी पडल्यावरच मावशीकडे आठ दिवस राहून, मावसभावंडांशी भांडून आणि पुन्हा गट्टी करून, शाळा उघडायच्या आत परत येणे हे सागरापलीकडेही शक्य झाले. पिशवीत तांदळाच्या भाकरीचे पीठ, सुकट-बोंबील आणि घरचा मसाला घालून निघणारी आई जी रीत पाळते आहे ती होडीच्या काळातलीच आहे. मनोरमेच्या वाट्याला जी भेट येऊ शकली नाही ती या मुलांच्या वाट्याला आली, आणि मला याचा निखळ आनंद वाटतो.

नवी मुंबईच्या नव्या विमानतळावरून प्रवासी विमानांची ये-जा २५ डिसेंबर २०२५ रोजी, नेमकी नाताळच्या दिवशी, सुरू झाली. त्या विमानतळासाठी चिंचपाडा, कोपर, कोल्ही, उलवे, वरचे ओवळे, वाघिवली, वाघिवलीवाडा, गणेशपुरी, तरघर आणि कोंबडभुजे ही दहा गावे उठवावी लागली. तीही आगरी-कोळ्यांची, भाताची आणि मिठाची गावे. बेलापूर पट्टीतल्या अनेक घरांच्या सोयरिकी त्या बाजूला आहेत. त्या गावांच्या लेकींची मुले आता आजोळी जातात ती पुनर्वसनाच्या भूखंडांवर बांधलेल्या घरांत, आणि जुने घर कोठे होते असे त्यांनी विचारले तर आजोबांना विमानतळाच्या कुंपणापलीकडे बोट दाखवावे लागते.