दोन उद्गारचिन्हे आणि शेलची रोजकीर्द

१/ टर्मिनलवर वरच्या बाणाची कळ दाबली की मघाची आज्ञा पुन्हा समोर येते. ही सोय आरंभापासून नव्हती. ती कशी आली, आणि ती ठेवत असलेल्या नोंदीला ‘इतिहास’ म्हणावे का, याविषयी हा धागा. 🧵

२/ १९७१. बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन यांनी युनिक्सचे पहिले ‘शेल’ लिहिले : माणसाची आज्ञा वाचून ती यंत्राकडून पार पाडणारा प्रोग्राम. समोर बहुधा टेलिटाइप असे, सेकंदाला सुमारे १० अक्षरे कागदावर उमटवणारा. मागची आज्ञा कागदावर दिसे. शेलला मात्र तिचे स्मरण नसे. तीच आज्ञा हवी असेल तर सारी ओळ पुन्हा टंकायची.

३/ दशकाच्या अखेरीस बर्कलीच्या बिल जॉय यांनी ‘सी शेल’ला स्मृती दिली. ‘!!’ म्हणजे मागची आज्ञा जशीच्या तशी, ‘!$’ म्हणजे तिचा शेवटचा शब्द. ‘^चूक^दुरुस्ती’ म्हणजे तेवढा बदल करून पुन्हा. छापलेल्या ओळीवर मागे जाता येत नाही. अशा यंत्रावरही ही चिन्हे चालत.

४/ १९८३ मध्ये डेव्हिड कॉर्न यांचे शेल जगासमोर आले. त्यात जुनी ओळ समोर आणून तिच्यातच दुरुस्ती करता येई. १९८९ मध्ये ब्रायन फॉक्स यांचे ‘बॅश’ आले. त्यात कंट्रोल-आर दाबून आठवतील ती दोन-चार अक्षरे टंकली, की जुळणारी जुनी आज्ञा सापडते. कामाचा वेग वाढवणारी याहून सोपी युक्ती क्वचितच असेल.

५/ आता साधनचिकित्सा. मूळ मांडणीत बॅश ५०० आज्ञाच जपते. त्यांची वेळ नोंदत नाही. फाइलमध्ये लिहिते ते सत्र संपताना. मध्येच वीज गेली तर त्या सत्राची नोंद गेली. दोन खिडक्या उघड्या असतील, तर शेवटी बंद होणारी खिडकी आधीच्या खिडकीची भर पुसून टाकू शकते.

६/ यांवर उपाय आहेत : ‘हिस्टसाइझ’ व ‘हिस्टफाइलसाइझ’ वाढवावे, ‘हिस्टअपेंड’ सुरू करावे, ‘हिस्टटाइमफॉरमॅट’ने वेळ नोंदवावी.

७/ तरीही ‘काय केले’ एवढेच उरते. उत्तर काय आले आणि ते का केले, हे त्या यादीत नसते. पेशवे दफ्तरातील रोजकीर्द वाचणाऱ्यास ही अडचण परिचित आहे : खर्च दिसतो, हेतू दिसत नाही. शेल रोजकीर्द उत्तम लिहिते. कारणे मात्र आपणच टिपून ठेवावीत. इतिहास तेथून सुरू होतो.