ठराव २४२ : उपपद आणि नाव

संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने २२ नोव्हेंबर १९६७ रोजी एकमताने संमत केलेला २४२ क्रमांकाचा ठराव भाषाभ्यासकांस एका उपपदामुळे परिचित आहे. जूनच्या युद्धात व्यापलेल्या प्रदेशांतून इस्रायली सैन्याने मागे हटावे, या कलमाच्या इंग्रजी पाठात ‘प्रदेश’ या नामापूर्वी निश्चयदर्शक उपपद नाही. फ्रेंच पाठात ते आहे. माघार सर्व प्रदेशांतून की काहींतून, हा वाद त्यातूनच वाढला. (मराठीत असे उपपद नसल्यामुळे आपल्या अनुवादात हा भेद उतरतच नाही.) परंतु युद्धाने भूमी मिळविणे अग्राह्य होय, असे प्रस्तावनेतच म्हटले असता सारा भार उपपदावर घालणे मला उचित वाटत नाही.

अधिक गंभीर उणीव निराळी आहे. त्या भागातील प्रत्येक राष्ट्राचा सुरक्षित सीमांत नांदण्याचा हक्क ठराव सांगतो. पॅलेस्टिनी जनतेचे मात्र त्यात नावही नाही, केवळ ‘निर्वासितांचा प्रश्न’ आहे. आमसभेच्या ११ डिसेंबर १९४८ च्या ठरावात, शेजाऱ्यांशी शांततेने राहून घरी परतू इच्छिणाऱ्यांना परतू द्यावे, असे होते. तेथे निर्वासितांस निदान इच्छा होती. १९७८ च्या कॅम्प डेव्हिड करारात ‘पॅलेस्टिनी जनता’ हा शब्दप्रयोग आला, तेव्हा त्याचा अर्थ आपण ‘पॅलेस्टिनी अरब’ असा घेऊ, असे बेगिन यांनी कार्टर यांस कळविले. ९ सप्टेंबर १९९३ च्या पत्रात अराफत यांनी इस्रायलचा शांततेने नांदण्याचा हक्क आणि २४२ वा ठराव मान्य केला. उत्तरादाखल राबिन यांनी पॅलेस्टिनी मुक्ती संघटनेस पॅलेस्टिनी जनतेची प्रतिनिधी म्हणून मान्यता दिली. या वेळी त्या नावास अर्थनिर्णयाची पुरवणी नव्हती.