नोंद नसलेला हंगाम

खेळाचा इतिहास पदकापासून मागे मागे लिहीत जाण्याची आपल्याकडे रीत आहे. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. प्रियांका इंगळे हिच्या नेतृत्वाखाली भारतीय महिलांनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असे हरवले. त्या संघात ठाण्याची रेश्मा राठोडही होती. एवढे सर्वांना ठाऊक झाले. पण ज्या मुलींमधून असे खेळाडू पुढे येतात, त्या ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीच्या महाविद्यालयीन संघांचा इतिहास वाचायचा म्हटले, तर आमच्या हाती काय लागते? जवळजवळ काहीच नाही.

तुलनेसाठी जरा दूरचे उदाहरण घेऊ. बर्फावरच्या हॉकीशी आपल्या घामट गावांचा संबंध नाही. तरीही अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या महिला संघाने २०१२-१३ च्या हंगामात ४१ पैकी ४१ सामने जिंकले, हे आज डोंबिवलीत बसून कळते. प्रत्येक सामन्याची तारीख, प्रतिस्पर्धी आणि गोल करणारीचे नाव सापडते. ही परंपरा फार जुनी आहे असेही नाही. शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला मनाई करणारा कायदा तिथे १९७२ मध्ये झाला आणि एनसीएए या संस्थेची महिला आइस हॉकीची अजिंक्यपद स्पर्धा २००१ मध्ये सुरू झाली.

आपला खेळ याहून कितीतरी वयस्कर आहे. खो-खोचे नियम बांधण्याचे काम पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये हाती घेतले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. १९५९-६० मध्ये विजयवाड्याला पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली. शिवाय हा खेळ गरिबाला परवडणारा. २७ मीटर लांब, १६ मीटर रुंद जागा आणि दोन खांब, एवढेच त्याचे भांडवल. दाटीवाटीने वाढलेल्या उपनगरांत मुलींना खेळता आले, त्यात या काटकसरीचा वाटा मोठा आहे.

पण या मुलींचा हंगाम कसा असतो? जूनमध्ये प्रवेश सुरू होतात, तेव्हा मैदानात चिखल असतो. पाऊस ओसरेपर्यंत सराव जिथे कोरडी जागा मिळेल तिथे. पुढे मैदान मोकळे होते, तर त्यावर कधी सभा, कधी प्रदर्शन, कधी लग्नाचा मांडव. मुंबई विद्यापीठाचा पसारा पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत, त्यामुळे स्पर्धा पुष्कळदा दूर. सकाळच्या लोकलने निघायचे, खेळायचे आणि दिवेलागणीपर्यंत घरी परतायचे. मध्येच परीक्षा येतात. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत हरलेल्या संघाचा हंगाम तर काही सामन्यांतच आटोपतो.

गंमत अशी की नोंद ठेवण्यात खो-खो मुळीच मागे नाही. कोणती खेळाडू किती मिनिटे, किती सेकंद पळाली, तिला कोणी बाद केले, हे गुणलेखक सामना चालू असतानाच टिपतो. अर्थात इतिहासाचे साधन प्रत्येक सामन्यात तयार होते. त्याचे जतन मात्र होत नाही. निकाल जाहीर झाला की तो कागद फाइलीत जातो आणि फाइल रद्दीत.

टिकते ते प्रमाणपत्र. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, म्हणून घरोघरी ते प्लास्टिकच्या पिशवीत जपले जाते. जपणाऱ्यांना आम्ही दोष देत नाही. नोकरी ही फार खरी गरज आहे. परंतु प्रमाणपत्र एकीचे असते, हंगाम बारा जणींचा. प्रमाणपत्र जिंकलेल्याचे मोल सांगते. हरलेला सामना, ऐनवेळी न आलेली खेळाडू, वर्षभर राखीव राहिलेली मुलगी यांना त्यात जागा नाही.

ही हळहळ केवळ आठवणींसाठी नाही. कोणत्या वर्षी कोणत्या महाविद्यालयाला मुलींचा संघच उभा करता आला नाही? पहिल्या वर्षाला खेळणाऱ्यांपैकी तिसऱ्या वर्षापर्यंत किती उरल्या? बाकीच्या कशाने थांबल्या: लग्नाने, नोकरीने, की मैदान गेले म्हणून? हंगामांची नोंद असती तर याची उत्तरे देता आली असती आणि मैदान मागताना ती पुढे ठेवता आली असती. नोंद नाही म्हणून ‘मुलीच येत नाहीत’ हे वाक्य कोणीही बोलावे आणि ते खोडून काढायला कोणाकडे कागद नसावा, अशी स्थिती आहे.

अजून सगळे हातचे गेलेले नाही. महाविद्यालयांच्या वार्षिक अंकांत जिमखान्याचे अहवाल असतात आणि संघांची छायाचित्रे असतात. कधी त्याखाली नावेही असतात. साठ-सत्तरच्या दशकांत मैदानावर उतरलेल्या स्त्रिया आज आज्या झाल्या आहेत. छायाचित्रातली दुसऱ्या रांगेत उभी असलेली कोण, हे त्याच सांगू शकतील. स्थानिक इतिहास लिहू पाहणाऱ्यांनी किल्ले आणि देवळे यांच्याबरोबर या अंकांचीही धूळ झटकावी. काम मोठ्या खर्चाचे नाही. मात्र ते लांबणीवर टाकण्याइतका वेळ आता उरलेला नाही.