पहाटे तीनची जाग

‘नाइन्टी मारली की झोप मस्त लागते,’ हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. अर्धं खरं आहे. झोप लवकर लागते, पण दारू शरीरात जिरत गेली की दबलेला मेंदू उसळून उठतो आणि पहाटे तीनला खाडकन जाग येते. घसा कोरडा, छातीत धडधड. बरीच वर्षं रोज भरपूर पिणाऱ्याचे सकाळी हात थरथरतात, ते थांबवायला पुन्हा घोट लागतो. तिथून त्याचा दिवस दारूच्या घड्याळावर चालतो.

पुण्याचं दारूशी भांडण जुनं. १८८० मध्ये नगरपालिकेचे सभासद असलेल्या जोतीराव फुल्यांनी वाढत्या दारूदुकानांविरुद्ध पत्र लिहिलं. १९०८ मध्ये टिळकांच्या पुढाकाराने दुकानांपुढे निदर्शनं झाली. भांडण गुत्त्याशी होतं. पिणाऱ्याच्या रात्रीकडे बघायला तेव्हा शास्त्रही तयार नव्हतं; शरीराच्या मुख्य घड्याळाची मेंदूतली जागा सापडली तीच १९७२ साली.

२९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ सुरू झालं. अनिल अवचटांची गर्दवरची लेखमाला वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले, त्यांनी आर्थिक मदत दिली. काम उभं केलं डॉ. अनिता अवचटांनी. पुढे दारूचे रुग्णही मोठ्या संख्येने आले. औषधं आणि समुपदेशन होतंच. पण मला महत्त्वाचं वाटतं ते तिथलं वेळापत्रक: प्रार्थना, योग, साफसफाई, गटचर्चा, जेवण, सगळं ठरल्या वेळी. बाहेरून शिस्त दिसते. पण ठरल्या वेळी उठणं, सकाळचा उजेड आणि वेळेवर जेवण यांवरच तर शरीराचं घड्याळ रोज लावलं जातं.

ते लागायला वेळ लागतो. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम सोडली, तर दोन-तीन दिवसांत भास आणि झटके जिवावर बेतू शकतात. म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचं. त्यानंतरही झोप कित्येक महिने तुटक राहते, आणि अशाच एखाद्या रात्री पाय पुन्हा दुकानाकडे वळतो.

पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत तीन शिफ्ट आहेत, हिंजवडीत नाइट शिफ्ट. सकाळी सातला बस सोडते तेव्हा डोळ्यांवर ऊन असतं. मेंदू म्हणतो उजाडलं, अंग म्हणतं झोप. कुणीतरी पडदा ओढून झोपेपुरती ओततो.