इम्पल्सच्या पोटात करिझ्मा

मुंबईहून डहाणूकडे निघालं की चारोटी नाक्यापर्यंत सगळा हायवे. तिथून जव्हारकडे किंवा तलासरीच्या पाड्यांकडे वळलं की चढ, खडी आणि पावसाळ्यात नुसता चिखल. एकाच बाईकला ही दोन्ही कामं सांगायची म्हणजे पंचाईतच!

होंडापासून नुकत्याच वेगळ्या झालेल्या हिरोने 2011 मध्ये इम्पल्स आणली, तेव्हा खिशाला परवडणारी अशी दुसरी गाडी आपल्याकडे नव्हती. ब्राझीलमधल्या होंडा ब्रॉसची ही बहीण. उंच, तारांची चाकं, मागे मोनोशॉक. पाड्यांच्या वाटेवर मस्त. पण इंजिन 149 सीसीचं. हायवेवर ट्रकच्या पुढे जाताना बिचारीला धाप लागायची.

मग काही गॅरेजवाल्यांनी तिच्यात करिझ्माचं 223 सीसी इंजिन बसवलं! माउंटिंग वेल्ड करायची, सायलेन्सरचा बेंड वळवायचा, वायरिंग जुळवायचं. दिसायला जुगाड, पण डोकं पक्कं होतं. त्याच घराण्यातलं इंजिन होंडा अमेरिकेत सीआरएफ 230 या मातीतल्या गाडीत घालतच होती.

इंजिन बदलायला आरटीओची परवानगी लागते (कलम 52). किती जणांनी घेतली असेल, ते सोडा. जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टाने कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल चालणार नाहीत असं बजावलं. इम्पल्स तोवर बंद झालेली. आणि मे 2019 मध्ये हिरोनेच 200 सीसीची एक्सपल्स आणली, पुढचं चाक 21 इंची. गॅरेजवाले जे मागत होते, ते शोरूममध्ये आलं.

चेन धुवायला आणि एअर फिल्टरमधली माती काढायला मात्र अजूनही आपणच बसायचं.