देव बोलला, पण कुणाशी?

या शनिवार-रविवारी जरा वेगळा विषय. आपल्याकडे कुणाच्या स्वप्नात देव आला तर आपण म्हणतो, "त्याला दृष्टांत झाला." पुढे कुणी तिथे देऊळ बांधतं, कुणी हसून सोडून देतं. तो दृष्टांत खरा की खोटा हे ठरवणारं मुख्य कार्यालय आपल्याकडे नाही. पण ज्या धर्मसंस्थांकडे असं कार्यालय आहे, त्यांची पंचाईत होते. चौदा वर्षांची एक पोरगी येऊन म्हणते, मला दर्शन झालं. खोटं म्हणावं तर कदाचित देवालाच नाही म्हटल्यासारखं. खरं म्हणावं तर उद्या तिचा शब्द पोपच्या वर जायचा. मग करायचं काय?

या प्रश्नाची दोन उत्तरं मला फार रोचक वाटतात. एक कॅथलिक चर्चचं, दुसरं मॉर्मन लोकांचं. (त्यांच्या चर्चचं अधिकृत नाव 'चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स'. २०१८ पासून ते पूर्ण नावाचा आग्रह धरतात, पण इथे सोयीसाठी मॉर्मनच म्हणतो.)

आधी कॅथलिक. ११ फेब्रुवारी १८५८. फ्रान्सच्या दक्षिण टोकाला लूर्द नावाचं गाव. बर्नादेत सुबिरू ही दम्याने पोखरलेली, धड लिहिता-वाचता न येणारी मुलगी सरपण गोळा करायला गेली होती. घरची इतकी गरिबी की सगळं कुटुंब जुन्या तुरुंगाच्या एका खोलीत राहायचं. नदीकाठच्या गुहेत तिला एक तेजस्वी आकृती दिसली. पुढच्या काही महिन्यांत असं अठरा वेळा झालं. गंमत म्हणजे सुरुवातीला ती स्वतः "मरिया दिसली" असं म्हणतच नव्हती. आपल्या बोलीत ती त्या आकृतीला नुसतं "ते" म्हणायची.

गावचे धर्मगुरू पेरामाल कडक माणूस. म्हणाले, नाव विचारून ये. २५ मार्चला उत्तर मिळालं: "मी निष्कलंक गर्भसंभव आहे." याचा अर्थ त्या पोरीला कळला नाही. विसरायला नको म्हणून ते शब्द घोकत घोकत ती धर्मगुरूंकडे गेली म्हणतात. पेरामाल मात्र हादरले. कारण मरिया आपल्या आईच्या पोटात आली त्या क्षणापासूनच मूळ पापापासून मुक्त होती, हा सिद्धांत पोप नववे पायस यांनी जेमतेम चार वर्षांपूर्वी, ८ डिसेंबर १८५४ ला जाहीर केला होता.

अनेकांना वाटतं की लूर्दमुळे तो सिद्धांत पक्का झाला. चर्चचा हिशोब नेमका उलटा आहे. सिद्धांत आधीच पक्का होता. बर्नादेत जन्मलीच नसती तरी त्यात काना-मात्रेचा फरक पडला नसता. बिशपनी चौकशी समिती नेमली, आणि १८ जानेवारी १८६२ ला निर्णय दिला की श्रद्धाळूंनी हे दर्शन खरं मानायला हरकत नाही. 'मानायला हरकत नाही', 'मानलंच पाहिजे' नव्हे.

यामागचं तत्त्व असं: देवाला जे सांगायचं होतं ते येशू आणि त्याच्या प्रेषितांच्या काळात सांगून झालं. शेवटचा प्रेषित गेला आणि वही मिटली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये हेच पुन्हा सांगितलं. त्यानंतर कुणाला काही दिसलं तर ते 'खासगी प्रकटीकरण'. जुनं नव्याने जगायला त्याची मदत होईल, पण वहीत नवी ओळ चढणार नाही. म्हणून आज एखादा कॅथलिक "लूर्दवर माझा विश्वास नाही" म्हणाला तरी तो कॅथलिकच राहतो. आपल्या मालाडच्या ओर्लेमचं चर्च लूर्दच्या मातेच्या नावाचं आहे. तिथे रोज जाणाऱ्यालाही ही मुभा आहे!

२०२४ साली व्हॅटिकनने नवे नियम केले. आता एखादं दर्शन दैवी आहे असं सहसा जाहीरच करायचं नाही. चांगल्यात चांगला शेरा म्हणजे लॅटिनमधला 'निहिल ऑब्स्टाट', थोडक्यात ना हरकत दाखला. बोस्निया-हर्जेगोविनामधल्या मेजुगोरे गावात १९८१ मध्ये सहा मुलांना मरिया दिसू लागली म्हणे. त्या गावाला हा दाखला मिळाला सप्टेंबर २०२४ मध्ये. त्रेचाळीस वर्षांनी, आणि तोही तिथल्या भक्तीसाठी. दर्शनं खरी की खोटी, यावर चर्चने सही केलेली नाही.

आता मॉर्मन. त्यांची सुरुवातच उलट्या टोकाकडून. त्यांच्या मते वही मिटलेलीच नाही. जोसेफ स्मिथने मार्च १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या पाल्मायरा गावी 'बुक ऑफ मॉर्मन' छापलं आणि ६ एप्रिलला चर्च स्थापन केलं. त्या ग्रंथाचा वाचकाला सल्ला काय, तर खरं-खोटं दुसऱ्या कुणाला विचारू नका, प्रार्थना करा, देव तुम्हालाच सांगेल. किती लोकशाही, नाही?

पण सहा महिनेही झाले नाहीत तोवर व्हायचं ते झालंच. हायरम पेज नावाच्या अनुयायाला एका दगडातून देवाचे संदेश येऊ लागले. हा कुणी ऐरागैरा नव्हता. बुक ऑफ मॉर्मनच्या सोनेरी पत्र्यांचे जे आठ साक्षीदार, त्यातला एक. शिवाय दगडात बघून संदेश मिळवणं ही खुद्द जोसेफची पद्धत. त्याच्या दगडाचा फोटो चर्चनेच २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. जोसेफचा उजवा हात ऑलिव्हर काउडरीसुद्धा पेजच्या संदेशांवर विश्वास ठेवून बसला. मग सप्टेंबर १८३० मध्ये जोसेफला नवा संदेश आला: संपूर्ण चर्चसाठी आज्ञा फक्त जोसेफलाच मिळतील, आणि पेजचे संदेश देवाकडचे नाहीत. हे पेजला एकट्याला बाजूला घेऊन सांगण्याचं काम दिलं काउडरीलाच. पेजने माघार घेतली.

त्यातून जो नियम बनला तो आजही आहे. प्रकटीकरण प्रत्येकाला मिळू शकतं, पण आपापल्या हद्दीत. स्वतःच्या आयुष्यासाठी तुम्हाला, मुलाबाळांसाठी आईवडिलांना, स्थानिक मंडळीसाठी बिशपला, आणि सगळ्या चर्चसाठी एकट्या अध्यक्षाला.

आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर कॅथलिकांनी फाइलच रीड-ओन्ली केली. मॉर्मनांनी फाइल उघडी ठेवली, पण राइट परमिशन एकाच युजरला दिली.

दोन्हीची किंमत मोजावी लागते. २७ जून १८४४ ला कार्थेजच्या तुरुंगात जमावाने जोसेफला गोळ्या घातल्या. आता किल्ली कुणाकडे? जेम्स स्ट्रँग म्हणाला, माझ्याकडे जोसेफचं पत्र आहे, देवदूतानेही मला नेमलंय. त्याने जमिनीतून पत्रेसुद्धा काढून दाखवले! बहुतेक लोक मात्र ब्रिगम यंगच्या मागे गेले. यंगचा दावा नव्या दर्शनाचा नव्हताच. बारा प्रेषितांच्या मंडळाकडे अधिकार आहे, एवढंच त्याचं म्हणणं. दर्शनातून जन्मलेलं चर्च ऐन संकटात टिकलं ते दर्शनाच्या नव्हे, पदाच्या आधारावर.

त्याच पदाने पुढे मोठे बदलही केले. १८९० मध्ये अध्यक्ष विल्फर्ड वुडरफनी बहुपत्नीत्व थांबवण्याचं जाहीर केलं. जून १९७८ मध्ये स्पेन्सर किंबॉल यांच्या काळात कृष्णवर्णीय पुरुषांवरची पौरोहित्याची बंदी उठली. त्या चर्चमध्ये पौरोहित्य जवळपास प्रत्येक पुरुषाला मिळतं, तेव्हा ही बंदी किती बोचत असेल बघा. ती १८५२ पासून जाहीरपणे चालू होती. सव्वाशे वर्षांचा नियम एका प्रकटीकरणाने गेला. पण त्याआधी एखाद्या कृष्णवर्णीय सभासदाला प्रार्थनेत आतून उत्तर मिळालं असतं की ही बंदी देवाची नाही, तर? ते उत्तर त्याच्या हद्दीबाहेरचं. वरून आवाज येईपर्यंत थांबणं एवढंच त्याच्या हातात.

कॅथलिकांकडे वेगळंच थांबणं. पोलंडची जोगीण फाउस्तिना १९३८ मध्ये तेहतिसाव्या वर्षी गेली. तिच्या दर्शनांच्या प्रसाराला रोमने १९५९ मध्ये बंदी घातली आणि १९७८ मध्ये उठवली. ३० एप्रिल २००० ला पोप दुसरे जॉन पॉल यांनी तिला संत घोषित केलं. तिच्या दर्शनातला, छातीतून लाल आणि फिकट किरण निघणारा येशू वसई-मुंबईच्या कितीतरी घरांत दिसेल. तरीही तिची दर्शनं मानणं कुणावर बंधनकारक नाही.

दोन्हीकडे देव कुणाशीही बोलू शकतो, हे मान्य आहे. ते नाकारलं तर धर्मात जीवच उरणार नाही. आणि त्याचं बोलणं सगळ्यांना लागू कधी होणार, हे दोन्हीकडे कार्यालय ठरवतं. तसं नसतं तर प्रत्येक हायरम पेजचं वेगळं चर्च निघालं असतं. फरक कार्यालयाच्या उत्तरात आहे. कॅथलिक चर्च बर्नादेतला म्हणतं, "तुझं खरं असेल, पण त्यात नवीन काही नाही." मॉर्मन चर्च पेजला म्हणतं, "नवीन येऊ शकतं, पण तुझ्याकडून नाही."

मला विचाराल तर पहिलं उत्तर माणसाला जास्त मोकळं सोडतं. दुसरं उत्तर संस्थेला चूक दुरुस्त करायला जास्त मोकळं सोडतं. दोन्ही एकदम देणारं उत्तर मला तरी अजून कुठल्या धर्मात सापडलेलं नाही.