पाळी कोणाची?

वर्गांत पन्नास मुलें, पस्तीस मिनिटांचा तास, आणि शिक्षक एकटा. कोणाची वही आधीं पाहावी, कोणाच्या शंकेस किती वेळ द्यावा, कोणाला 'जरा थांब' म्हणावें, हा प्रश्न नोकरीच्या पहिल्याच दिवशीं माझ्यापुढें उभा राहिला, आणि निवृत्त होईपर्यंत तो कांहीं मला पुरता सुटला नाहीं. श्रोतेहो, संगणकालाही हाच प्रश्न पडतो. फरक इतकाच, कीं त्याला तो दर सेकंदास शेंकडों वेळां सोडवावा लागतो. तो कसा सोडवावा याबद्दल २००७ सालीं एक मोठा वाद झाला. वादाचा विषय होता यंत्राच्या वेळाचें न्याय्य वांटप. आणि वाद संपला तेव्हां त्यांतील एक मनुष्य, आपल्यालाच न्याय मिळाला नाहीं अशा भावनेनें, उठून निघून गेला. त्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

प्रथम थोडी पूर्वपीठिका. संगणकांत एकाच वेळीं अनेक प्रोग्राम चालू असतात. एक गाणें वाजवीत असतो, दुसरा पत्र लिहून घेत असतो, तिसरा पाठीमागें मोठा हिशेब करीत बसलेला असतो. या सर्वांच्या खालीं एक मूळ आज्ञावली असते. तिला कर्नेल म्हणतात. आपण 'गाभा' म्हणूं. यंत्राच्या स्मृतींतील जागा कोणाला किती द्यावी, तबकडीवर कोणीं केव्हां लिहावें, आणि मुख्य म्हणजे प्रोसेसरवर पाळी कोणाची, हें सारें हा गाभा ठरवितो. लिनक्स नांवाचा गाभा हेलसिंकी विद्यापीठांतील लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं लिहावयास घेतला आणि त्याचा सर्व मजकूर जगास खुला केला. तो कोणीही वाचावा, कोणीही सुधारावा, आणि सुधारणा परत पाठवावी. अँड्रॉइडचे सर्व फोन याच गाभ्यावर चालतात. २०२० सालीं जगांतील पांचशें वेगवान संगणकांच्या यादींत त्रेसष्टावा आलेला पुण्याच्या सी-डॅकचा 'परम सिद्धि' हाही त्यावरच उभारलेला.

वादविवाद तर या गाभ्याला जन्मापासूनच चिकटलेला आहे. जानेवारी १९९२ मध्यें ॲम्स्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनीं उघड पत्र लिहून लिनक्सची रचना कालबाह्य ठरविली. गाभा लहान असावा आणि फाइली सांभाळण्यासारखीं कामें त्याच्या बाहेर वेगळ्या प्रोग्रामांकडे द्यावीं, हें त्यांचें मत. टोरवाल्ड्सनें सर्व कांहीं एकाच पोत्यांत भरलें होतें, आणि तें पोतेंही एकाच जातीच्या प्रोसेसरला बांधलेलें होतें. तूं माझा विद्यार्थी नाहींस हें तुझें नशीब, या रचनेस तुला फारसे गुण मिळाले नसते, अशा अर्थाचा टोलाही प्राध्यापकांनीं हाणला. टोरवाल्ड्सनें उत्तर तिखट दिलें. सिद्धान्त म्हणून दुसरी रचना अधिक सुंदर आहे हें मात्र त्यांतच कबूल केलें, आणि पुढें आपल्या सुराबद्दल क्षमाही मागितली. गाभा त्यानें बदलला नाहीं. १९९५ सालीं तो दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरवर चालूं लागला. शिक्षक या नात्यानें माझी सहानुभूति टॅनेनबॉम यांच्याकडे आहे. उत्तरपत्रिका त्यांनीं बरोबर तपासली होती. परंतु परीक्षा त्यांच्या वर्गांत चाललेली नव्हती.

असो. या मंडळींच्या चर्चेची रीत मोठी लक्षांत ठेवण्याजोगी आहे. नुसतें मत मांडून भागत नाहीं. जो बदल हवा त्याच्या ओळी स्वतः लिहून पत्रासोबत जोडाव्या लागतात, आणि मग ओळखीच्या, बिनओळखीच्या, कोणीही त्यांवर टीका करावी. गाभ्याच्या प्रत्येक विभागास एक मेंटेनर, म्हणजे सांभाळ करणारा जबाबदार मनुष्य असतो. शेवटचा शब्द टोरवाल्ड्सचा.

पाळ्या लावणाऱ्या भागास शेड्यूलर म्हणतात. आरंभींचा शेड्यूलर साधा होता. तयार असलेल्या प्रोग्रामांची यादी दर वेळीं वरपासून खालपर्यंत वाचावयाची आणि एक निवडावयाचा. प्रोग्राम दहा असले तर ठीक. हजार असले कीं निवडींतच वेळ जाई. जानेवारी २००२ मध्यें इंगो मोल्नार या हंगेरियन प्रोग्रामरनें नवा शेड्यूलर लिहिला. त्यानें प्रोग्रामांस १४० पायऱ्यांवर बसविलें, पाळी व्हावयाच्यांचा एक तक्ता आणि पाळी झालेल्यांचा दुसरा असे दोन तक्ते ठेवले, आणि पहिला रिकामा झाला कीं दोहोंची अदलाबदल केली. प्रोग्राम किती का असेनात, निवडीस लागणारा वेळ तेवढाच. डिसेंबर २००३ मध्यें निघालेल्या २.६ या आवृत्तींत हा शेड्यूलर आला, आणि मोठमोठ्या यंत्रांना तो चांगला मानवला.

घरच्या संगणकावर मात्र एक निराळी अडचण होती. माणूस समोर बसून ज्या प्रोग्रामशीं व्यवहार करतो त्याला चटकन पाळी मिळाली पाहिजे. नाहीं तर पडद्यावरचा बाण अडखळतो, गाणें मध्येंच तुटतें. पण समोर माणूस बसला आहे हें गाभ्याला कळावें कसें? त्यासाठीं एक अंदाज बांधला होता. जो प्रोग्राम बराच वेळ स्वस्थ झोपून असतो तो माणसानें कळ दाबण्याची वाट पाहत असणार. त्याला बढती द्यावी. जो सारखा राबतो तो हिशेबी कामांतला. त्याला मागें ठेवावें.

हें मला समजलें तेव्हां हसूं आलें, आणि थोडी लाजही वाटली. शांत बसणारा मुलगा विचारी आणि सारखा हात वर करणारा उतावळा, असें मीही कित्येक वर्षें धरून चाललों होतों. एका वर्षीं शेवटच्या बांकावरचा एक मुलगा वर्षभर शांत राहिला. त्याला फळ्यावरचें दिसतच नव्हतें, हें त्याला चष्मा लागला तेव्हां मला कळलें. गाभ्याचाही अंदाज असाच चुके. थोडें झोपून थोडें राबणारा एखादा प्रोग्राम त्याला सहज फसवी. मग त्या चुकीसाठीं एक अपवाद, त्या अपवादासाठीं दुसरा, असें ठिगळांवर ठिगळ चढत गेलें.

या प्रकरणांत एक बाहेरचा मनुष्य शिरला. कॉन कोलिव्हास हा ऑस्ट्रेलियांतील डॉक्टर. शस्त्रक्रियेच्या वेळीं भूल देणें हा त्याचा व्यवसाय. प्रोग्रामिंगचें रीतसर शिक्षण त्यानें घेतलेलें नव्हतें. गाभ्याशीं झटतां झटतां तो तें आपलें आपण शिकला. त्याची तक्रार एकच होती: हा गाभा मोठ्या कंपन्यांच्या यंत्रांसाठीं घडविला जात आहे आणि घरांत बसलेल्या माणसाकडे कोणाचें लक्ष नाहीं. २००३ सालीं त्यानें त्या अंदाजाच्या सूत्रांत सुधारणा करून दिल्या आणि त्या गाभ्यांत घेतल्याही गेल्या. पण जसजसा तो खोल गेला तसतसें त्याचें मत झालें कीं अंदाज सुधारून भागणार नाहीं, अंदाजच नको. २००४ सालीं त्यानें आणखी एक कल्पना मांडली. शेड्यूलर बदलतां येण्याजोगा असावा, ज्याला जसा हवा तसा त्यानें बसवावा. ती मोल्नार व टोरवाल्ड्स यांना पटली नाहीं. जो तो आपापला शेड्यूलर घेऊन बसेल आणि सर्वांचा म्हणून जो आहे तो सुधारावयास कोणी उरणार नाहीं, अशी त्यांची भूमिका होती. ती अगदींच चुकीची होती असें मला वाटत नाहीं.

मार्च २००७ मध्यें कोलिव्हासनें आपला नवा शेड्यूलर पुढें ठेवला. त्यांत बढती नाहीं कीं अंदाज नाहीं. प्रत्येकास ठराविक वांटा. तो संपला कीं एक पायरी खालीं उतरावयाचें. तळाशीं पोंचल्यावर सर्वांनीं पुन्हां वरून आरंभ करावयाचा. कोणालाही फार तर किती थांबावें लागेल याचा हिशेब आधींच करतां यावा, ही त्याची खुबी. पुष्कळांनीं तो चालवून पाहिला आणि वाखाणला. हा आतां गाभ्यांत जाणार असें वाटूं लागलें. तोंच कांहींजणांनीं कळविलें कीं आमच्या यंत्रावर पडदा रंगविणारा प्रोग्राम मंद झाला. तसें होणें साहजिकच होतें. त्या प्रोग्रामला काम पुष्कळ, आणि वांटा मात्र इतरांइतकाच. कोलिव्हासचें उत्तर असें, कीं न्याय म्हणजे हाच. त्या प्रोग्रामला अधिक हवें असेल तर त्याचा दर्जा हातानें वाढवा. तक्रारदार म्हणाले, पूर्वीं आम्हांला हातानें कांहीं करावें लागत नव्हतें. चर्चा कडवट झाली.

आणि १३ एप्रिल २००७ रोजीं, शुक्रवारीं रात्रीं, मोल्नारनें स्वतःचा एक नवा शेड्यूलर जाहीर केला. त्याची पहिली ओळ आपण त्याच आठवड्यांत बुधवारीं सकाळीं लिहिली आणि बासष्ट तासांत तो तयार केला, असें त्यानेंच सांगितलें. यांतही अंदाजाला रजा होती. प्रत्येक प्रोग्रामनें प्रोसेसरचा किती वेळ खाल्ला याची नोंद नॅनोसेकंदांत ठेवावयाची, आणि ज्याचा आकडा सर्वांत कमी त्याची पाळी. हे आकडे झाडासारख्या रचनेंत चढत्या क्रमानें लावलेले. अगदीं डावीकडचें पान खुडलें कीं तो प्रोग्राम हातीं आला. ज्याचें महत्त्व अधिक त्याचें घड्याळ सावकाश चालवावयाचें, म्हणजे त्याला आपोआप वेळ अधिक मिळे. न्याय्य वांटप शक्य आहे आणि घरच्या यंत्रावर तें अधिक चांगलें चालतें हें कोलिव्हासनें सिद्ध केलें, असें श्रेय मोल्नारनें त्या पहिल्याच पत्रांत दिलें होतें.

जुलै महिन्यांत टोरवाल्ड्सनें मोल्नारचा शेड्यूलर स्वीकारला; ९ ऑक्टोबर २००७ रोजीं निघालेल्या २.६.२३ या आवृत्तींत तो सर्वांस मिळाला. कोलिव्हासनें जुलैमध्येंच गाभ्याचें काम सोडलें. टोरवाल्ड्सनें आपल्या निवडीचें कारण आडपडदा न ठेवतां दिलें. प्रश्न दोन आज्ञावल्यांतील गुणांचा नव्हता. तक्रार घेऊन येणाऱ्याशीं कोण कसा वागतो आणि पुढें तें काम कोण निस्तरील याचा होता. कोलिव्हास तक्रारदारांशीं वाद घालतो, मोल्नार तक्रार निवारतो, असें त्याचें म्हणणें.

मी या निर्णयावर पुष्कळ विचार केला आहे. मोल्नारनें कल्पना चोरली असें म्हणण्यास जागा नाहीं. श्रेय त्यानें उघड दिलें, आणि आज्ञावली त्याची स्वतःची होती. टोरवाल्ड्सचें कारणही टाकाऊ नाहीं. ज्याचें लिखाण कोट्यवधि यंत्रांत बसावयाचें त्यानें रात्रीं-अपरात्रीं येणारीं गाऱ्हाणीं ऐकलींच पाहिजेत. पण एक गोष्ट मला खटकते. मोल्नार हा रेड हॅट या कंपनीचा पगारी नोकर. गाभा सांभाळणें हीच त्याची नोकरी. कोलिव्हास दिवसा रुग्णांस भूल देई आणि उरल्या वेळांत हें काम करी, तेंही फुकट. 'शेवटपर्यंत कोण टिकेल' हीच कसोटी लावली तर तींत पगारी माणूस पुढें आणि हौशी माणूस मागें, हें ठरल्यासारखेंच आहे. राबणारा मागें ठेवावा कीं झोपणारा, याचा खल करणाऱ्या मंडळींना हा दुसरा अंदाज दिसला नसावा.

डॉक्टर दोन वर्षांनीं पुन्हां आला. ४,०९६ प्रोसेसर चालवितां येतात पण साधें चलच्चित्र नीट दिसत नाहीं, अशी लिनक्सची थट्टा करणारें एक व्यंगचित्र त्याच्या पाहण्यांत आलें होतें. ऑगस्ट २००९ च्या अखेरीस त्यानें घरगुती यंत्रांपुरता एक शेड्यूलर लिहून काढला. त्याचें नांव त्यानें मुद्दामच ग्राम्य ठेवलें होतें. रेडिओवर तें उच्चारणें बरें नव्हे. हा गाभ्यांत घ्यावा अशी मागणीही त्यानें केली नाहीं. मोल्नारनें सोळा प्रोसेसरांच्या यंत्रावर तो तपासून आपलाच बरा असें दाखविलें, तेव्हां असें यंत्र कोणाच्या घरीं असतें, असें त्याचें उत्तर. तथापि त्या वादानंतर गाभ्यांतील शेड्यूलरचीं कांहीं ठरीव मापें बदललीं गेलीं, हें खरें.

मोल्नारचा शेड्यूलर सोळा वर्षें चालला. त्यांतही उणीव होती: कोणाला किती वेळ द्यावा हें तो उत्तम सांगे, पण केव्हां द्यावा हें नीट सांगत नसे. गाणें वाजविणाऱ्या प्रोग्रामला वेळ थोडाच लागतो, पण तो अगदीं वेळेवर लागतो. ऑक्टोबर २०२३ मध्यें निघालेल्या ६.६ या आवृत्तीपासून त्याच्या जागीं पीटर झाइल्स्ट्रा याच्या खटपटीनें दुसरी पद्धति आली. ज्याचें येणें बाकी आहे तेवढेच रांगेंत उभे राहावयाचे, आणि त्यांतून ज्याची मुदत सर्वांत आधीं संपते त्याला बोलवावयाचें. ही पद्धति इयॉन स्टोइका व हुसेन अब्देल-वहाब यांनीं १९९५ च्या सुमारासच कागदावर मांडून ठेवली होती.

त्यानंतर एक वर्षानें, १७ नोव्हेंबर २०२४ रोजीं निघालेल्या ६.१२ या आवृत्तींत, आपला स्वतःचा शेड्यूलर बाहेरून बसविण्याची सोय गाभ्यांत आली. तो बिघडला तर गाभा त्याला काढून टाकतो आणि मूळचा पुन्हां चालूं करतो. ही सोय प्रामुख्यानें मेटा कंपनीच्या प्रोग्रामरांनीं लिहिली. शेड्यूलर विभागाच्या मेंटेनरचा, म्हणजे झाइल्स्ट्राचा, तिला विरोध होता. जून २०२४ मध्यें टोरवाल्ड्सनें तो बाजूस सारून ती घेण्याचें ठरविलें. वीस वर्षांपूर्वीं डॉक्टरानें मागितली होती ती सवलत जवळजवळ हीच. त्यानें आपल्या शेड्यूलरचें काम २०२१ सालींच थांबविलें होतें.